परीक्षेला बसलेली आई

आई दिवसभर शिवत असे. नालासोपाऱ्याच्या पूर्वेला एका चार मजली इमारतीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत खिडकीला टेकवून तिचे पायाने चालवायचे मशीन ठेवलेले होते. वडील सकाळी मुंबईला कचेरीत गेले, की मशीन सुरू होई. टँकरचा भोंगा वाजला, की ते थांबे, कारण मग सगळ्या इमारतीला हंडे-बादल्या घेऊन खाली उतरावे लागे. बोअरिंगचे पाणी खारट होते. ते भांड्यांना आणि धुण्याला. त्यात डाळ शिजत नसे. आई गुहागरकडची, त्यामुळे आमचा स्वयंपाक तिकडचाच राहिला: कुळथाची पिठी, पेज, सुकटीची चटणी, श्रावणात वालाचे बिरडे. शिवायला येणाऱ्या बायका तिच्याशी जपून बोलत. ती कमी बोले, आणि बोलली की नेमके टोचेल तेच बोले. घर एवढेसे असूनही मी तिला कधी अर्धवट कपड्यांत पाहिले नव्हते. मोरीतून ती साडी नेसून, अंबाडा घालूनच बाहेर येई. ताप आला, तरी ती भिंतीकडे तोंड करून झोपे. ती आजारी आहे, हे आम्हाला मशीन बंद असल्यावरून कळत असे.

बारावीनंतर मी डी.एड.ला जायचे ठरले होते. ते जमले नाही. मग तळमजल्यावरच्या सावंतकाकूंनी वसई गावातल्या एका रुग्णालयात चालणाऱ्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाची माहिती आणली. कागदोपत्री त्याचे नाव 'रुग्णसेवा सहायक' असे होते. बाकी सगळे त्याला आयाचा कोर्स म्हणत. आईने हातातले कापड खाली ठेवले नाही.

"लोकांचं हागणं-मुतणं काढायला मी तुला शिकवलं नाही," ती मला म्हणाली.

"अहो वहिनी, नोकरी लगेच लागते," सावंतकाकू म्हणाल्या.

"धुण्याभांड्याची पण लगेच लागते."

वडील जेवत होते. त्यांनी ताटातून मान वर न करता म्हटले, "जाऊ दे तिला. घरी बसून काय करेल?" आईने मशीन सुरू केले. चर्चा संपली हे सांगायची आमच्या घरातली पद्धत ती होती. मी गेले, आणि तिने माझा निळ्या काठाचा गणवेश शिवून दिला. 

अभ्यासक्रमाचे पहिले काही आठवडे आम्ही एकमेकींवर शिकलो. फिलोमिना सिस्टर आमच्या शिक्षिका होत्या. वसईच्या केळीच्या वाडीत वाढलेल्या, अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच. त्या प्रत्येक मुलीला एक अख्खी सकाळ पेशंट करून खाटेवर झोपवत. उठायचे नाही, स्वतःच्या हाताने काही करायचे नाही. दुसरीने भरवलेली पेज गिळायची, दुसरीने पुसलेले तोंड तसेच ठेवायचे, तहान लागली तर मागायचे. "आडवं पडून बघा एकदा," त्या म्हणत, "मग उभ्यानं हुशारी करा." मग वॉर्ड. पेशंट खाटेवर असतानाच चादर बदलणे, ताप आणि नाडी बघणे, अर्धांग झालेल्याला बसते करून भरवणे, बेडपॅन देणे, अंग पुसणे, पाठीला स्पिरिट आणि पावडर लावणे, कुशीवर वळवणे. प्रत्येक कामाची आधी तोंडी, मग हाताची परीक्षा. शेवटी बाहेरून परीक्षक येणार आणि त्या उत्तीर्ण म्हणतील त्याच मुलीला दाखला मिळणार. वळवण्यावर सिस्टरांचा विशेष कटाक्ष होता. त्या म्हणत, पेशंट कण्हला म्हणजे तुमचा हात चुकला. परीक्षकही तेवढेच ऐकतात.

आता आमच्या त्याच रस्त्यावर दर दुसऱ्या इमारतीवर 'केअरगिव्हर मिळतील' अशा पाट्या आहेत. तेव्हा असे काही नव्हते. माणूस आजारी पडला, की घरातली बाई त्याचे करी आणि बाई आजारी पडली, की तिची मुलगी करी. यात कुणाला शिकण्यासारखे काही वाटत नसे. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली घरी आपण नर्सिंग शिकतो असे सांगून आल्या होत्या.

माझी जोडीदारीण मंदा जवळच्याच समुद्रकाठच्या कळंबची होती. तिच्या घरी होडी होती, आणि ती लहानपणापासून किनाऱ्यावरून मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहत आली होती. तिच्या हातात माझ्या दुप्पट जोर होता. तोच तिचा दोष होता. ती पेशंटला एका झटक्यात कुशीवर घेई. पेशंट ओरडे. सिस्टर वॉर्डच्या दुसऱ्या टोकाहून म्हणत, "मंदा, माणूस आहे गं तो, बोंबलाची पाटी नाही." मंदा हसे आणि पुढच्या खाटेवर तेच करी. "माजा हात असाच हाय," ती मला डबा खाताना म्हणाली. "नापास झाले तर बा लगीन लावून टाकनार. पोरगा बघून ठेवलाय अर्नाळ्याला. त्याला दारू न पिता उबं राहता येत नाय." तिच्या डब्यात भाकरी आणि भाजलेले बोंबील असत. ती अर्धे मला देई आणि माझी कुळथाची पिठी, नाक मुरडत का होईना, संपवी.

त्याच पावसाळ्याच्या आधी आईची पाठ दुखू लागली. शिवून दुखते, असे ती म्हणाली आणि आम्हीही तेच मानले. मग तिला मशीनचा पाय मारता येईना. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या. आजार मणक्यात पसरलेला होता. तिथल्या डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितले, की आता दुखणे कमी ठेवायचे, बाकी काही करता येणार नाही. वडील घरी आले, त्यांनी हातपाय धुतले आणि मला हे त्याच शब्दांत सांगितले. आईला कुणी सांगितले नाही. तिने विचारलेही नाही. दुखणे फार वाढले तेव्हा तिला आमच्याच रुग्णालयात, मी शिकत होते त्याच वॉर्डात आणले. इंजेक्शने आणि सलाईनसाठी तिथे ती जवळजवळ महिनाभर होती.

पहिल्या सकाळी मी गणवेशात तिच्या खाटेजवळ गेले. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "बाही आखूड झाली," ती म्हणाली. "आता तुझ्या पेशंटांकडे जा." मी तिची उशी नीट करायला हात पुढे केला, तेव्हा तिने मनगटाने तो बाजूला केला. तिला बेडपॅन हवे असे, तेव्हा ती मी वॉर्डाबाहेर जाईपर्यंत थांबे आणि मग आयाबाईंना हाक मारी. मी मुद्दाम बराच वेळ वॉर्डात राहिले, तर ती तशीच ताटकळत राही. हे लक्षात आल्यावर मी बाहेर जाऊ लागले. त्याच वॉर्डात मी रोज अनोळखी माणसांची अंगे पुसत होते आणि आईला हात लावू शकत नव्हते. मला दुसरे काही नको होते. परीक्षा, दाखला, नोकरी, यातले काहीही त्या महिन्यात माझ्या डोक्यात नव्हते. तिने स्वतःचे मला करू द्यावे, एवढेच हवे होते.

परीक्षेसाठी सिस्टर शुद्धीवर असलेले, बोलू शकणारे पेशंट निवडत. त्या आईकडेही आल्या. "बाई, मुलींची परीक्षा आहे. एकीला तुमचं अंग पुसू द्याल? परीक्षक समोर असतील."

"माझी मुलगी नको," आई म्हणाली.

"नियमच आहे. नातेवाईक चालत नाही."

"मग चालेल."

चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. आईची खाट मंदाला आली. मंदाचा चेहरा पडला. मला अर्धांगाच्या एका आजोबांना भरवायचे होते, ते समोरच्या रांगेत होते. परीक्षक एका मोठ्या रुग्णालयाच्या निवृत्त मेट्रन होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला, चालताना आवाज न होणाऱ्या चपला. त्या आधी माझ्याकडे आल्या, आजोबांनी चार चमचे नीट गिळलेले पाहून मंदाकडे वळल्या. मधला पडदा अर्धा ओढलेला होता. परीक्षक पडद्याच्या आत, आईच्या पाठीच्या बाजूला उभ्या. मला फक्त खाटेच्या डोक्याकडचा भाग दिसत होता.

मंदाने सगळे क्रमाने केले. चेहरा, हात, बगल, पाय. मग वळवायची वेळ आली. तिने आईचा खांदा आणि कंबर धरली आणि सवयीने, एकदम, तिला डाव्या कुशीवर घेतले. आईचे तोंड माझ्याकडे आले. तिने खाटेचा लोखंडी दांडा पकडला होता. तिचे ओठ आत ओढलेले होते आणि डोळे उघडे होते. ती माझ्याकडे पाहत होती, किंवा पाहत नव्हती. अंतर फार नव्हते, तरी मला ते सांगता येणार नाही. आवाज आला नाही. मागे मंदा पाठ पुसत होती, स्पिरिट लावत होती, पावडर लावत होती. ते संपेपर्यंत आईने दांडा सोडला नाही.

"दुखलं का बाई?" परीक्षकांनी विचारले.

"नाही," आई म्हणाली. "हात हलका आहे हिचा."

परीक्षकांनी मंदाकडे पाहून मान हलवली. मंदा उत्तीर्ण झाली. मीही झाले. त्या संध्याकाळी मी आईजवळ बसले आणि विचारले, "खूप दुखलं ना?" तिने उलट विचारले, "म्हाताऱ्याला ठसका लागला नाही ना?" मी म्हटले, नाही लागला. "बरं झालं," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळायचा प्रयत्न केला. तो जमला नाही, म्हणून तिने नुसती मान वळवली.

काही दिवसांनी डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितले. पुढच्या खोलीत मशीनच्या जागी खाट आली आणि मशीन मोरीच्या दाराशी सरकले. आता प्रश्न उघड होता. सावंतकाकू म्हणाल्या, लेक शिकलेली आहे, तुम्हाला कसली काळजी? आई म्हणाली, "ती कळंबची पोर काय करते सध्या?" नोकरीची वाट बघत घरी आहे, असे मी सांगितले. "तिला विचार, सकाळी येशील का म्हणावं." मी विचारले. मंदा दुसऱ्या दिवसापासून एसटीने येऊ लागली. जाण्यायेण्याचे भाडे वडील तिच्या पिशवीत घालत आणि ती ते मोजत नसे. येताना ती कधी सुके बोंबील आणी, कधी सिस्टरांनी दिलेली सुकेळी, त्यांच्या वाडीतली वाळवलेली केळी. ती आली, की मी पाणी तापवून बादली आणून ठेवायची आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे.

दारातून त्यांचे बोलणे ऐकू येई.

"अगं हळू. परीक्षेला गप्प बसले, रोज बसणार नाही."

"काकी, तवाच बोलायचं व्हतं."

"बोलले असते तर नापास झाली असतीस."

"आन् मंग अर्नाळ्याची सून."

"पाणी जास्त गरम आहे."

"तुमच्या पोरीनं तापवलंय. तिला बोला."

आई हसली. आजारपणात ती हसलेली मी त्या दारामागूनच ऐकली. मंदाचा हात खरोखरच हळूहळू हलका झाला. आईने तो तसा करून घेतला, जसे तिने इमारतीतल्या मुलींना काजे करायला शिकवले होते. मी आत डाळ निवडत असे. एकदा मी वडिलांना विचारले, की आई मला का करू देत नाही. त्यांनी जेवणाचा डबा पिशवीतून काढून मोरीत ठेवला. मग म्हणाले, "मलाही नाही करू देत."

श्रावण उलटल्यावर मंदाला नोकरीचे बोलावणे आले. मुंबईत घरोघरी आजाऱ्यांकडे मुली पाठवणारी एक कचेरी होती, तिथे दाखला घेऊन भेटायचे होते. मंदाने आईला आदल्या दिवशी सांगितले. "काकी, उद्या सकाळी नाय येनार. तिकडून सुटले की संध्याकाळी येते." आई म्हणाली, "नीट जा. साडी इस्त्रीची नेस. आणि तोंडाला येईल ते बोलू नकोस." संध्याकाळपर्यंत थांबायला काही हरकत नव्हती. वडील कामावर गेले. मी तिला पेज भरवली. भरवायची परवानगी मला होती.

सकाळ संपता संपता आईचे पोट बिघडले. औषधाने होते तसे झाले असावे. खोलीत वास आला. मी म्हटले, "आई, मी करते." ती म्हणाली, "थांब. येईल ती." मी म्हटले, "ती संध्याकाळी येणार आहे." "मग संध्याकाळी." मी खिडक्या उघडल्या. खाली टँकर आला, भोंगा वाजला, बायका हंडे घेऊन उतरल्या. मी उतरले नाही. मी सावंतकाकूंना बोलावू का विचारले. ती नाही म्हणाली.  मी खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिले. अशा अवस्थेत पडून राहिले तर कातडीचे काय होते, हे मला शिकवलेले होते. तिला ते शिकवलेले नव्हते, पण तिला आता कळत होते. तिच्या डोळ्यांच्या कडेतून पाणी कानाकडे गेले. ते तिने पुसले नाही, कारण हात वर केला की पाठ दुखे.

"पाणी तापव," ती शेवटी म्हणाली.

मी बादली आणली, टॉवेल आणले, जुनी चादर आणली, दार लावले, पडदा ओढला.

"डोळे मीट," ती म्हणाली. "मिटूनच कर."

अंग पुसताना हातांच्या आधी डोळे काम करतात, असे आम्हाला शिकवले होते. पाठ बघायची, टाचा बघायच्या, कंबरेखालचे हाड बघायचे, कुठे लाली आली आहे का ते बघायचे. मी डोळे मिटले. तिने मला रस्ता सांगितला. टॉवेल उजवीकडे. बादली पायाशी, जपून. आता चादर खालून ओढ. एवढी नाही. तिचा आवाज मशीनवर बसलेली असताना असे तसा होता, सुई ओवायला मला सांगताना असे तसा. मध्येच ती थांबून विचारी, "उघडले नाहीस ना?" मी नाही म्हणे. हातांना कळत होते तेवढे कळले. ती किती कमी उरली होती ते कळले. कुशीवर घ्यायची वेळ आली, तेव्हा मी तिला सांगितले, की आता वळवते. मी जमेल तितके सावकाश वळवले. ती कण्हली. मोठ्याने, तोंड उघडून, आई गं म्हणाली आणि पुन्हा म्हणाली. मंदाजवळ ती अशी कण्हलेली मी ऐकली नव्हती. मी थांबले. ती म्हणाली, "थांबू नकोस. कर." मी केले. कोरडी चादर घातली, पातळ नीट केले, पांघरूण गळ्यापर्यंत ओढले.

"आता उघड," ती म्हणाली. मग म्हणाली, "अंबाडा सुटलाय." मी तिचे केस विंचरले. ते बघायला तिची हरकत नव्हती.

मंदा संध्याकाळी आली ती नोकरी मिळवूनच. आईने मला तिच्या तोंडात साखर घालायला सांगितले आणि पुढच्या सोमवारपासून तिचे येणे थांबले. त्यानंतरची कामे मी केली, दररोज, त्याच पद्धतीने. आईने पुन्हा कधी सांगितले नाही आणि मला सांगावे लागले नाही. बादली ठेवली, की मी डोळे मिटत असे आणि ती रस्ता सांगू लागे. पुढे तिचा आवाज बारीक झाला, मग ती हाताच्या बोटांनी माझे मनगट हलवून सांगे. मग तेही थांबले आणि मला रस्ता पाठ झालेला होता.

मी पुढे रुग्णसेवेचे काम केले नाही. एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून लागले, नंतर वार्ताहर झाले. तिथे पहिला नियम असा शिकवला, की जे पाहिले नाही ते लिहायचे नाही. म्हणून आईच्या शेवटच्या दिवसांतल्या देहाचे वर्णन इथे नाही.

ती दसऱ्याच्या आधी गेली. सकाळ होती, वडील घरी होते. इमारतीतल्या बायका वर आल्या. सवाष्ण गेली, भाग्यवान, असे त्या आपसांत म्हणाल्या आणि कुणीतरी हिरवी साडी आणायला धावले. पुरुषांना जिन्यात उभे केले. खोलीत दोघींनी साड्यांचा आडोसा धरला. सावंतकाकूंनी माझ्या हातात तांब्या दिला आणि म्हणाल्या, पहिलं पाणी लेकीनं घालायचं. मग त्यांनी चादर काढली.

मी डोळे मिटून घेतले.

"पोर घाबरलीय," कुणीतरी म्हणाले. "तिला बाहेर न्या." एका बाईने माझा दंड धरला. मी घाबरले नव्हते. मी डाव्या हाताने चाचपत आईचा खांदा शोधला आणि पाणी घातले.